कीटकांच्या यादीतला ‘कोळी’

गेल्या मे महिन्यात काही दिवस आजोळी, आंजर्ल्याला, राहिले होते. आंजर्ले, हर्णै, मुरुड या भागातल्या काही शिक्षकांनी एका संध्याकाळी गप्पांना बोलावले. विषय त्यांनीच ठरवला होता : मुलांची लेखी उत्तरे उद्या संगणकाकडून तपासून घेतली, तर तो सगळ्या मुलांना सारखे वागवील का?

मी तयारीने गेले होते. संगणकाच्या भाषाज्ञानात शिरलेले पूर्वग्रह मोजण्याची एक प्रसिद्ध कसोटी आहे. तिच्यातल्या शब्दांच्या याद्या मी आदल्या रात्री मराठीत उतरवल्या आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिल्या. एका रकान्यात फुले, दुसऱ्यात कीटक. तिसऱ्यात प्रेम, आनंद, शांती असे सुखद शब्द आणि चौथ्यात दुःखद शब्द. कीटकांच्या रकान्यात मुंगी, सुरवंट, पिसू, टोळ, कोळी, ढेकूण असा क्रम होता.

‘कोळी’वर एक गुरुजी थांबले. म्हणाले, “मॅडम, कोळी कीटक नाही. त्याला आठ पाय असतात.” सगळे हसले. मीही हसले, कारण ती चूक मूळ इंग्रजी यादीतलीच होती. पण मागे बसलेल्या बाई हसल्या नाहीत. त्यांची शाळा हर्णै बंदराजवळची. त्या म्हणाल्या, “पायांचं राहू द्या. माझ्या वर्गातली बरीच मुलं कोळ्यांची आहेत. तुम्ही त्यांना ढेकणाशेजारी बसवलंत. तुमच्या यंत्राला कसं कळणार, कोणता कोळी?”

मला उत्तर देता आले नाही. पूर्वग्रह मोजायला आणलेल्या पट्टीनेच एका समाजाचे नाव किळसवाण्या जिवांच्या यादीत टाकले होते, आणि ते माझ्या हाताने झाले होते. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना या मोजमापांविषयी जे संशोधन वाचले, त्याचे हे परीक्षण. ही तंत्रे शाळेच्या दारात येऊन ठेपली आहेत. तेव्हा त्यांचे गुणदोष शिक्षकांना ठाऊक असलेले बरे.

शब्दाचा पत्ता

संगणकाला अर्थ कळत नाही, आकडे कळतात. म्हणून प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक मालिका दिली जाते. तिला आपण शब्दसदिश म्हणू. संगणकवाले ‘एम्बेडिंग’ म्हणतात. हे आकडे कोणी बसून ठरवत नाही. शब्द कोणाच्या संगतीत वावरतो यावरून ते निघतात. संगतीवरून अर्थ ओळखावा, हा विचार भाषाशास्त्रात जुना आहे. झेलिग हॅरिस यांनी १९५४ साली आणि जॉन फर्थ यांनी १९५७ साली तो मांडला. त्याला यंत्राचा वेग मिळाला तो २०१३ साली, गूगलमधील संशोधकांनी ‘वर्डटूव्हेक’ ही पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा.

एक छोटे उदाहरण घेऊ. पुढचे आकडे कल्पित आहेत, पण रीत खरी आहे. समजा, एका मजकुरात ‘होडी’ आणि ‘टोपली’ या दोन शब्दांच्या जवळपास इतर शब्द किती वेळा आले ते आपण मोजले. ‘कोळी’ हा शब्द होडीजवळ ८ वेळा आणि टोपलीजवळ २ वेळा आला. ‘कोळीण’ होडीजवळ २ वेळा आणि टोपलीजवळ ८ वेळा. ‘खलाशी’ होडीजवळ ९ वेळा आणि टोपलीजवळ १ वेळा. आता आलेखाच्या कागदावर (८, २), (२, ८) आणि (९, १) हे बिंदू मांडा, आरंभबिंदूपासून प्रत्येकापर्यंत रेघ ओढा आणि कोनमापक लावा. कोळी व खलाशी यांच्या रेघांत सुमारे ८ अंशांचा कोन भरेल. कोळीण व खलाशी यांच्यात सुमारे ७० अंशांचा. कोनाची कोज्या काढली, तर पहिल्या जोडीची ०.९९ येते आणि दुसरीची ०.३५. कोज्या १ च्या जितकी जवळ, तितके शब्द अर्थाने जवळचे, असे संगणक धरून चालतो. प्रत्यक्षात दोन अक्षांऐवजी बहुधा ३०० अक्ष असतात आणि मजकूर कोट्यवधी शब्दांचा असतो, एवढाच फरक.

या उदाहरणातच पूर्वग्रहाची मेख आहे. संगणकाने काहीही खोटे केलेले नाही. मजकुरात कोळी होडीवर होता आणि कोळीण टोपली घेऊन बाजारात, म्हणून त्याने ‘कोळीण’ला समुद्रापासून दूर ठेवले. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव ज्याने पाहिला आहे त्याला या कामाच्या वाटणीत नवल वाटणार नाही. पण हाच सदिश उद्या ‘सागरी प्रशिक्षणासाठी योग्य अर्ज निवडा’ या कामाला लावला, तर मुलीचा अर्ज मागे पडेल. काल काय होते याची नोंद, उद्या काय असावे याचा नियम होऊन बसेल.

मोजपट्टी कशी तयार झाली

शब्दसदिशांतील लिंगभेदाकडे सर्वांचे लक्ष वेधले ते २०१६ साली. तोल्गा बोलुकबासी आणि सहकाऱ्यांनी गूगलच्या बातम्यांवर तयार झालेले सदिश तपासले. त्यांची रीत भूमितीची होती. ‘तो’ आणि ‘ती’, ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ अशा इंग्रजी जोड्यांच्या सदिशांची वजाबाकी करायची, त्या वजाबाक्यांतून एक सामाईक दिशा काढायची आणि तिला लिंगाची दिशा म्हणायचे. मग एखाद्या व्यवसायाचा शब्द या दिशेला किती कलला आहे ते पाहायचे. उपायही त्यातूनच निघतो : ‘प्रोग्रॅमर’सारख्या शब्दाचा त्या दिशेचा घटक काढून टाकायचा, ‘आई’, ‘भाऊ’ यांसारख्या, अर्थातच लिंग असलेल्या, शब्दांचा मात्र ठेवायचा. हा विवेक त्यांनी केला, हे महत्त्वाचे आहे. गरोदरपणाचा संबंध आईशी असणे हा पूर्वग्रह नव्हे.

पुढच्याच वर्षी, २०१७ साली, आयलिन चालिश्कान, जोॲना ब्रायसन आणि अरविंद नारायणन यांचा लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. मी फळ्यावर लिहिलेल्या याद्या त्यातल्या. मानसशास्त्रज्ञ १९९८ पासून माणसांच्या सुप्त पूर्वग्रहांची एक चाचणी वापरत होते. फुलांची सुखद शब्दांशी सांगड माणूस चटकन घालतो, कीटकांशी घालायला त्याला वेळ लागतो. या तिघांनी वेळेऐवजी कोज्या मोजली. फुले सुखद शब्दांजवळ निघाली, कीटक दुःखद शब्दांजवळ. येथवर ठीक. पण त्याच पट्टीने अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांची नावे सुखद शब्दांजवळ आणि कृष्णवर्णीयांची नावे दुःखद शब्दांजवळ भरली. पुरुषांची नावे नोकरी-पेशाजवळ आणि स्त्रियांची घरसंसाराजवळ. माणसाची चाचणी यंत्राला लागू पडते आणि तसेच निकाल देते, हे या लेखाचे मोठे यश आहे.

फुले आणि कीटक यांचे त्यातले काम पट्टी जुळवून घेण्याचे होते. ताप मोजण्याआधी तापमापक बर्फात बुडवून शून्य पाहावे तसे. ज्या गोष्टीबद्दल कोणाचे दुमत नाही, तिच्यावर आधी पट्टी पारखायची. मराठीत मात्र हे शून्यच हलते, कारण ‘कोळी’ हा शब्द अष्टपाद जीव, मासेमारी करणारा माणूस आणि एक समाज या तिन्हींना मिळून एकच आहे. त्यातही गंमत अशी की ‘जाळे’ हा शब्द पहिल्या दोघांच्या संगतीला असतो. केवळ संगतीवरून अर्थ ओळखणाऱ्या यंत्राची याहून मोठी फसगत कोणती?

दोन आक्षेप

या पद्धतींवर नंतरच्या संशोधकांनी जे आक्षेप घेतले, त्यांतले दोन आपल्या कामाचे आहेत.

पहिला आक्षेप गाजलेल्या उदाहरणांबद्दल आहे. ‘पुरुषाला जसा डॉक्टर, तशी स्त्रीला कोण?’ असे विचारल्यावर यंत्र ‘नर्स’ म्हणते, हे उदाहरण पुष्कळ भाषणांत ऐकू येते. मालविना निसिम आणि सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवून दिले, की असे प्रश्न सोडवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक अट असते : प्रश्नात आलेला शब्द उत्तर म्हणून द्यायचा नाही. म्हणजे ‘डॉक्टर’ हे उत्तर आधीच बाद. ती अट काढली की यंत्र ‘डॉक्टर’ असेच उत्तर देते. याचा अर्थ पूर्वग्रह नाही असा नव्हे, आणि त्यांनीही तसे म्हटलेले नाही. पण धक्कादायक उदाहरण आणि भरवशाचे मोजमाप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगवहीत सोयीचे निरीक्षण तेवढे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण जे सांगतो, तेच येथेही सांगायला हवे.

दुसरा आक्षेप उपायाबद्दल आहे आणि तो अधिक खोल जातो. हिला गोनेन आणि योआव गोल्डबर्ग यांनी २०१९ साली ‘दुरुस्त’ केलेले सदिश पुन्हा तपासले. लिंगाच्या दिशेचा घटक काढलेला होता, पट्टीवर पूर्वग्रह जवळजवळ शून्य दिसत होता. तरीही पूर्वी पुरुषांकडे कललेले शब्द एकमेकांजवळच घोळका करून होते आणि स्त्रियांकडे कललेले एकमेकांजवळ. साधा वर्गीकरणाचा प्रोग्रॅमसुद्धा त्यांची पुन्हा वाटणी करू शकत होता.

हे समजायला हजेरीपट पुरे. त्यातला जातीचा रकाना खोडला म्हणून जात कळेनाशी होते का? आडनाव राहते, वाडीचे नाव राहते, कोण कोणाबरोबर शाळेत येते तेही राहते. रकाना खोडणारा मनुष्य प्रामाणिक असेल. पण पुढच्या वर्षी ‘रकानाच नाही, म्हणजे भेद नाही’ असा अहवाल गेला, तर आधीपेक्षा नुकसान जास्त. जी पट्टी वापरून दुरुस्ती केली, त्याच पट्टीने दुरुस्तीची परीक्षा घेऊ नये, हा यातला धडा आहे.

मराठीत आल्यावर

मराठीपुरते पाहायचे तर नीरजा किर्तने आणि तन्वी आनंद यांचा २०२२ सालचा लेख हाती घ्यावा लागतो. हिंदी व मराठी शब्दसदिशांतील लिंगविषयक ठोकळेबाज समजुती मोजणे आणि कमी करणे, हा त्याचा विषय. इंग्रजीची पट्टी जशीच्या तशी चालणार नाही हे त्यांनी आरंभीच ओळखले आहे, कारण आपल्याकडे प्रत्येक नामाला व्याकरणाचे लिंग असते आणि ‘शिक्षक-शिक्षिका’ अशा जोड्याही असतात. म्हणून त्यांनी व्यवसायांचे तटस्थ आणि लिंगदर्शक शब्द वेगळे काढले, भावनावाचक शब्दांची यादी केली आणि दोन मापे लावली. आपल्या उपायांनी पूर्वग्रह कमी झाल्याचे त्या नोंदवतात. ज्या वाटेवर मराठीत फारशी वर्दळ नव्हती तेथे केलेले हे काम आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. पुढचे आक्षेप त्या लेखात काय नाही याबद्दल, आणि पुढच्या संशोधकांनी काय करावे याबद्दल आहेत.

आधी मापे पाहू. पहिल्या मापात पुरुषवाचक शब्दांची सरासरी आणि स्त्रीवाचक शब्दांची सरासरी काढतात, प्रत्येकीपासून सर्व व्यवसायांची जवळीक मोजून दोन क्रमवाऱ्या लावतात आणि त्या जुळतात का ते पाहतात. पुरत्या जुळल्या तर १ गुण. पण समजा, तीन व्यवसायांची पुरुषांशी जवळीक ०.९, ०.८, ०.७ आहे आणि स्त्रियांशी ०.३, ०.२, ०.१. क्रम एकच, म्हणून पूर्ण गुण. आणि तरी तिन्ही व्यवसाय पुरुषांच्याच अंगणात! दुसरे माप अंतरांतील फरकाचे. ते हा दोष पकडते, म्हणून दोन्ही मापे बरोबर वापरणे योग्यच. परंतु फरकांची चिन्हांसह बेरीज घेतली, तर ‘सैनिक’ एकीकडे आणि ‘दाई’ दुसरीकडे कललेली असताना बेरीज शून्य येऊ शकते. वर्गाची सरासरी ५० आली म्हणून सगळी मुले पास झाली असे आपण म्हणत नाही. सरासरीबरोबर प्रत्येक शब्दाचा आकडा वाचकापुढे असायला हवा.

आता शब्दांकडे वळू. जोडीतून लिंगाची दिशा काढायची, तर जोडीतील दोन शब्दांत फक्त लिंगाचा फरक हवा. मराठीत असे शब्द मोजके. ‘पाटील’ आणि ‘पाटलीण’ घ्या. पाटलीण गावचा कारभार पाहणारी बाई नव्हे, ती पाटलाची बायको. ‘मास्तरीण’ म्हणजे शिकवणारी, आणि जुन्या माणसांच्या तोंडी मास्तरांची पत्नीसुद्धा. त्या संध्याकाळी हा शब्द निघाला तेव्हा एक तरुण शिक्षिका म्हणाल्या, “गावात आमच्या सरांच्या मिसेसना मास्तरीणबाई म्हणतात आणि मला नुसतं बाई. मग तुमच्या यंत्रात मी कुठे बसते?” मला स्वतःला ‘डॉक्टर’ ही पदवी असल्याचे कळल्यावर माझ्या यजमानांचा दवाखाना कुठे आहे असे विचारणारे भेटले आहेत. येथे पूर्वग्रह संगतीतून नंतर चिकटलेला नाही. तो शब्दाच्या घडणीतच आहे. ‘-ईण’ हा प्रत्यय व्यवसाय सांगतो की नवरा, हे वाक्य पाहिल्याशिवाय ठरत नाही. अशा जोड्यांच्या वजाबाकीतून जी दिशा निघेल तिच्यात लिंग किती आणि लग्न किती, हे कसे सांगणार?

शुद्धलेखनाचाही परिणाम आहे. फेसबुकच्या संशोधकांनी पुढे आणलेली ‘फास्टटेक्स्ट’ पद्धत शब्दाचे लहान तुकडे पाडून शिकते. प्रत्यय लागून रूपे बदलणाऱ्या मराठीला ती सोयीची. पण मग ‘शिक्षिका’, ‘लेखिका’, ‘परिचारिका’ यांची जवळीक काही अंशी शेवटच्या ‘-इका’मुळेही असते, आणि ‘-इका’ तर ‘पत्रिका’, ‘मालिका’, ‘नगरपालिका’ यांनाही आहे. स्त्रियांची संगत कोणती आणि अक्षरांची कोणती, हे वेगळे काढल्याखेरीज मोजमाप पुरे होत नाही.

यावर कोणी म्हणेल, आता शब्दाला एकच सदिश देण्याची पद्धत मागे पडली. २०१८ पासून आलेली मॉडेले संपूर्ण वाक्य पाहतात. ‘कोळ्याने भिंतीवर जाळे विणले’ आणि ‘कोळ्याने खाडीत जाळे टाकले’ यांतल्या कोळ्यांना ती वेगळे सदिश देऊ शकतात. खरे आहे. मग अशा मॉडेलांची परीक्षा कशी घ्यायची? चँडलर मे आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली इंग्रजी याद्यांतले शब्द अगदी साध्या वाक्यांत बसवले, ‘हे अमुक आहे’ अशा धर्तीच्या. इंग्रजीत असे वाक्य लिंगाबाबत मुके असते. मराठीत पहिल्याच शब्दाला गुपित फुटते : हा डॉक्टर आहे, ही डॉक्टर आहे, हे डॉक्टर आहेत, या डॉक्टर आहेत. आपल्याकडे विशेषण, सर्वनाम, क्रियापद सगळेच साक्ष देतात. शिवाय आदरार्थी बहुवचन आहे. इंग्रजीतून ‘डॉक्टर आले’ एवढेच भाषांतर करायचे असले, तरी यंत्राला आला, आली, आले, आल्या यांतून निवड करावीच लागते. ती निवड कशाच्या आधारे होते, हे मराठीतले खरे मोजण्याजोगे ठिकाण आहे.

काम कोणते, ते आधी सांगा

आतापर्यंतचे आक्षेप तपशिलाचे होते. मुख्य आक्षेप वेगळा आहे. सेराफिना गोल्डफार्ब-टॅरंट आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली एक सरळ प्रश्न विचारला : सदिशांवर मोजलेला पूर्वग्रह आणि ते सदिश वापरून केलेल्या कामात दिसणारा पूर्वग्रह, यांचा मेळ बसतो का? उत्तर आले, की भरवसा ठेवावा असा मेळ बसत नाही. सदिशांची पट्टी कमी दाखवते म्हणून काम न्याय्य होईलच असे नाही.

का, ते दोन उलट उदाहरणांवरून कळेल. निखिल गर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली शंभर वर्षांतील इंग्रजी मजकुरांवरून सदिश काढले आणि त्यांतला कल अमेरिकेच्या जनगणनेतील व्यवसायांच्या आकड्यांशी ताडून पाहिला. समाज बदलला तसा कल बदललेला दिसला. असे काम मराठीत कोणी केले तर? आंजर्ल्यापासून जवळच असलेल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ. त्या वीस वर्षांतल्या वृत्तपत्रांत ‘विधवा’ या शब्दाची संगत कोणती होती आणि ती पुढे बदलली का, हे पाहायला अशी पद्धत फार उपयोगी पडेल. तेथे पूर्वग्रह ‘कमी’ करणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. तेच सदिश उत्तरपत्रिका तपासायला लावले, तर तोच कल अन्याय ठरतो. तेव्हा ‘या सदिशांत पूर्वग्रह किती?’ हा अर्धाच प्रश्न आहे. ‘कोणत्या कामात, कोणाच्या विरुद्ध?’ हे जोडल्याशिवाय तो पुरा होत नाही.

आणि उत्तरे तपासण्याच्या कामात केवळ लिंग पाहून भागत नाही. हिंदी सदिशांत जात व धर्म यांविषयीचे पूर्वग्रह मोजण्याचा प्रयत्न विजित मलिक आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली केला. मराठी आडनावे पाहता आपल्याकडेही तो लागेल. त्याखेरीज बोलीचा प्रश्न आहे. पुण्याच्या ‘एल-थ्री-क्यूब’ या गटाने २०२२ साली मराठीचा मोठा मजकूरसंग्रह खुला केला. त्यात त्यांनी २ कोटी ४८ लाख वाक्यांची भर घातली आणि त्यावर मराठीची मॉडेले तयार केली. दोन वाक्यांचा अर्थ किती जुळतो ते सांगणारे मॉडेलही त्यांत आहे. मराठीसाठी हे मोलाचे काम आहे. पण त्या भर घातलेल्या वाक्यांत बातम्यांचा वाटा मोठा आहे, आणि बातमीची मराठी ही पुळणीवर खेळणाऱ्या मुलाची मराठी नव्हे.

समजा प्रश्न आहे : कासवाची मादी अंडी कोठे घालते? नमुना उत्तर : ‘कासवाची मादी समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत खड्डा करून अंडी घालते.’ एक मूल लिहिते : ‘कासवीण रातच्याला पुळणीत खड्डा खनते नि अंडी घालते.’ आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे येतात. हे मूल पाहिलेले लिहीत आहे. रात्रीची नोंद तर नमुना उत्तरातही नाही. पण ‘पुळण’, ‘रातच्याला’, ‘खनते’ हे शब्द बातम्यांत क्वचितच येणार. त्यांचे सदिश कच्चे राहणार आणि या उत्तराची जवळीक कमी भरण्याचा धोका राहणार. पुस्तकातले वाक्य पाठ केलेल्या मुलाला मात्र पूर्ण गुण. पुरुष-स्त्री शब्दांची कोणतीही यादी हा अन्याय दाखवू शकत नाही, कारण ती त्या जागी पाहतच नाही.

मग करायचे काय?

कमी करण्याचे उपाय तीन ठिकाणी करता येतात : सदिश तयार झाल्यावर, शिकताना, आणि मूळ मजकुरात. पहिल्याची मर्यादा आपण पाहिली. तिसरा मला अधिक भरवशाचा वाटतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील चित्रांत स्त्री-पुरुष दोघेही घरकाम करताना दिसू लागले. मूळ मजकूर बदलणे म्हणजे हेच. संगणकासाठीही मजकुरातील वाक्यांना उलट लिंगाची जोडवाक्ये देतात. मराठीत हे कष्टाचे आहे : ‘म्हातारा कोळी जाळे टाकत होता’ याचे ‘म्हातारी कोळीण जाळे टाकत होती’ करताना विशेषण, नाम, क्रियापद सगळे बदलावे लागते. बोलीसाठी तर मुलांच्या तोंडची, मुलांच्या हातची वाक्येच गोळा करावी लागतील.

परीक्षा घेण्याचे काम मात्र शिक्षक आजही करू शकतात. त्यासाठी गणित लागत नाही. उत्तरे तपासणारे एखादे साधन कोणी शाळेत आणले, तर पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

१. एकच बरोबर उत्तर दोन प्रकारे लिहा : एकदा पुस्तकी भाषेत, एकदा आपल्या मुलांच्या बोलीत. गुण बदलतात का पाहा.

२. निबंध तोच ठेवून फक्त लिहिणाऱ्याचे नाव, आडनाव किंवा क्रियापदांचे लिंग बदला. पुन्हा गुण पाहा.

३. एक चुकीचे उत्तर नमुना उत्तराच्या शब्दांतच लिहा : ‘कासवाची मादी समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत अंडी घालत नाही.’ ‘नाही’कडे दुर्लक्ष करून गुण मिळाले, तर ते साधन अर्थ तपासत नसून शब्दांची गर्दी तपासते.

४. आणलेल्या माणसाने ‘पूर्वग्रह कमी केला आहे’ असे सांगितले, तर कोणती यादी वापरली ते मागा, आणि ती वर्गात मोठ्याने वाचा.

चौथी गोष्ट मी आंजर्ल्यात शिकले. माझ्या यादीतून मी ‘कोळी’ काढून टाकला आहे. पण तो मी घरी बसून ती यादी शंभर वेळा वाचली असती तरी मला खटकला नसता. तो ज्यांच्या वर्गात रोज हजेरी देतो, त्या बाईंना एका नजरेत खटकला. मराठीच्या मोजपट्ट्या तयार करणाऱ्यांनी याद्या पक्क्या करण्याआधी अशा शिक्षकांकडे पाठवाव्यात, अशी माझी सूचना आहे. आणि शिक्षकांना विनंती, की वरील चार प्रयोग कोणी केले, तर वापरलेली वाक्ये आणि मिळालेले गुण जसेच्या तसे लिहून ठेवावेत.